नऊ एक आणि दहाव्याचा हातचा



आज आपण एकाच संख्येची ओळख करून घेणार आहोत. मुलांच्या कच्च्या वहीत किंवा या पानाच्या कडेला ती उतरून घ्या.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढायचे आणि आलो तसेच एकापर्यंत उतरायचे. एकूण अंक सतरा. डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, संख्या तीच. शब्दांमध्ये असे शब्द आपल्याला ठाऊक आहेत. नयन, कनक, नवीन, नवजीवन. लहानपणी ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे म्हणून दाखवण्याची मौज आपण सर्वांनीच केली आहे. संख्यांमध्येही अशा सुलट-उलट सारख्या संख्या असतात. त्यांना पॅलिंड्रोम म्हणतात. २२, १२१, ४८८४ या लहान संख्या झाल्या. आपली संख्या मात्र चांगलीच मोठी आहे.

किती मोठी? वाचायची झाली तर ती अशी वाचावी लागेल: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. म्हणजे कोटींचेच कोटी. एवढे रुपये देशातल्या सुमारे १४० कोटी माणसांत सारखे वाटले, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या हातावर ८८ लाखांवर रुपये पडतील. आणि दर सेकंदाला एक याप्रमाणे कोणी मोजायला बसला, तर न झोपता न जेवता त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

एवढी अवाढव्य संख्या, पण तिचे मूळ पहिलीतल्या मुलालाही लिहिता येईल असे आहे. नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणा.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

पुष्कळ लोक इथेच थांबतात. ‘काय चमत्कार आहे!’ म्हणतात आणि पान उलटतात. आपण थांबायचे नाही. असे का होते, हे विचारायचे.

लहानापासून सुरुवात

मोठे कोडे सुटत नसेल तर त्याचे धाकटे भावंड धरावे. १ × १ = १. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. शेवटचा गुणाकार शाळेत शिकवतात तसा एकाखाली एक मांडून करू.

१११
१११०
१११००
बेरीज: १२३२१

गुणणारा प्रत्येक अंक एकच असल्यामुळे पाढा म्हणण्याचीही गरज नाही. तीच ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची आणि उभ्या घरांची बेरीज करायची. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक.

आता हेच नऊ ओळींत कसे होते ते पाहण्यासाठी कारखान्याचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. नऊ कामगार आहेत. जेवणाची सुट्टी धरून प्रत्येकाची पाळी नऊ तासांची. पहिला सकाळी सहाला येतो, दुसरा सातला, तिसरा आठला. असे करत नववा दुपारी दोनला येतो. मग प्रत्येक तासाला कारखान्यात किती माणसे हजर? सहा ते सात या तासात एक, पुढच्या तासात दोन, त्यापुढे तीन. दुपारी दोन ते तीन या तासात नऊच्या नऊ हजर. तीन वाजता पहिल्याची पाळी सुटते. मग आठ राहतात, पुढे सात, सहा आणि रात्री दहा ते अकरा या शेवटच्या तासात एकटा नववा. सहा ते अकरा म्हणजे तास झाले सतरा. तासांची हजेरी ओळीने लिहा. आपली संख्या तयार!

गुणाकारातली प्रत्येक ओळ म्हणजे एक कामगार आणि उभे घर म्हणजे एक तास. चढणे आणि उतरणे सारखे का, याचे उत्तरही इथेच मिळते. माणसे एका क्रमाने आली आणि त्याच क्रमाने गेली.

आणखी एक गोष्ट आपोआप कळते. नऊ कामगारांचे नऊ-नऊ तास म्हणजे एकूण ८१ तास. म्हणून या सतरा अंकांची बेरीज ८१ आलीच पाहिजे. १ ते ९ ची बेरीज ४५, आणि ८ ते १ ची ३६. झाले ८१. करून पाहा.

देवळालीचे मास्तर

या जातीच्या संख्यांना नाव देणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रातला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२९ साली पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदवीच्या पुढचे शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. जवळ होते ते कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड. आपले निष्कर्ष ते लहान पुस्तिकांच्या रूपाने खाजगीरीत्या छापीत. इथल्या मोठ्या गणितज्ञांपैकी अनेकांनी त्यांचे काम किरकोळ ठरवले. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. तेच आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. या संख्यांची कल्पना तिथे सुचली म्हणून कापरेकरांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १, १२१, १२३२१ या माळेला ते ‘वंडरफुल डेम्लो’ म्हणत. आपली संख्या या माळेतली नववी.

कापरेकरांनी आणखी एका प्रकाराला ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. उदाहरणार्थ १८. अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने भागले तर बरोबर १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. म्हणजे आपली संख्या हर्षदही आहे.

आठ नसलेली संख्या

संख्या आतून पाहायची असेल तर तिचे मूळ अवयव पाडावेत. नऊ एकांची संख्या ३ × ३ × ३७ × ३३३६६७ अशी फुटते. आपली संख्या तिचा वर्ग, म्हणून प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो: तीन चार वेळा, सदतीस दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून हिशोब केला तर तिला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या बरोबर ४५ निघतात. हा आकडा विषम आहे, आणि तो विषम असणारच. भाजक नेहमी जोडीने येतात, पण वर्गसंख्येत एक जोडी अशी असते की तिच्यातले दोघे एकच असतात.

नऊ एकांना नवाने भागले तर येते १२३४५६७९. निरखून पाहा, यात आठ नाही. घरातल्या मुलाला त्याचा आवडता अंक विचारा. तो तीन म्हणाला तर तीन नवे सत्तावीस. १२३४५६७९ ला २७ ने गुणायला सांगा. उत्तर येईल ३३३३३३३३३. सात म्हणाला तर ६३ ने गुणा, सगळे सात येतील. जादू वाटते, पण कारण एवढेच की नवाने गुणल्यावर नऊ एक येतात आणि मग आवडत्या अंकाने गुणले की तो अंक नऊ वेळा उभा राहतो.

आता आपली संख्या दुसऱ्या वाटेने आणू. नऊ एक म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९. त्यातला हा ९ काढून दुसऱ्या नऊ एकांकडे दिला तर तिकडे नऊ नऊ होतात. म्हणजे आपली संख्या = १२३४५६७९ × ९९९९९९९९९. घाबरू नका. ९९ रुपयांच्या सात वस्तू घेतल्या तर आपण सातशेतून सात वजा करतो ना? इथेही तेच. १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये द्या आणि त्यातून १२३४५६७९ एकदा वजा करा.

१२३४५६७९०००००००००
वजा १२३४५६७९
बाकी १२३४५६७८९८७६५४३२१

नऊ ओळींचा गुणाकार एका वजाबाकीत उरकला. आणि दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले, म्हणजे पडताळाही झाला.

दहावा आला तेव्हा

एक एक, दोन एक, तीन एक, असे नऊ एकांपर्यंत प्रत्येक वेळी सुंदर चढ-उतार मिळाला. नऊ वेळा खरे ठरले. मग दहा एक घेतले तर? कोणीही म्हणेल, दहाव्यांदाही तसेच होणार. आता प्रत्यक्ष पाहा.

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडून वाचा, मग उजवीकडून वाचा. संख्या सारखी नाही. डाव्या बाजूचा आठ गायब झाला आणि मधे दोन शून्ये येऊन बसली.

कारण पुन्हा हजेरीपटातच आहे. दहा कामगार, दहा-दहा तासांची पाळी. मधल्या तासाला हजर दहा. पण संख्येच्या एका घरात एकच अंक मावतो, दहा लिहिता येत नाहीत. तिथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. त्या घरात आधीच नऊ होते, त्यांचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. पुढच्या घरात आठ होते, ते नऊ झाले आणि गडबड थांबली. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी राहिली, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो.

यातून घेण्यासारखी गोष्ट मोठी आहे. ज्याने नऊ वेळा पाहिले आणि विश्वास ठेवला तो दहाव्यांदा फसला. ज्याने कारण विचारले होते, त्याला आधीच ठाऊक होते की हातचा आला की हा डोलारा मोडणार. ‘आजपर्यंत असेच होत आले’ हे काही कारण नव्हे. कारण समजले की ते कुठवर लागू पडते हेही समजते.

आणि ही दहाची मर्यादा तरी कोणाची? आपण दहा बोटांवर मोजायला शिकलो, म्हणून दहा झाले की पुढचे घर. डझनाने, म्हणजे बाराच्या घरांनी मोजणारी पद्धत घेतली असती तर अकरा एकांपर्यंत हा चढ-उतार टिकला असता. म्हणजे सुलट-उलट सारखे दिसणे हा संख्येचा पोशाख आहे, लिहिण्याच्या रीतीतून आलेला. तिचे ४५ भाजक, तिचे वर्गसंख्या असणे, हे मात्र तिचे स्वतःचे गुण. कोणत्याही रीतीने लिहा, ते बदलत नाहीत.

हा फरक ओळखता आला की बरेच पैसे वाचतात. २२ फेब्रुवारी २०२२ ही तारीख २२०२२०२२ अशी लिहिली की सुलट-उलट सारखी येते. अशा तारखा ‘शुभ’ म्हणून गाजवल्या जातात, त्यांच्यावर मुहूर्त विकले जातात. यापुढची अशी तारीख ३ फेब्रुवारी २०३०, म्हणजे ०३०२२०३०. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथे तोच दिवस ०२०३२०३० असा लिहिला जाईल आणि सारखेपणा संपला! दिवस तोच, सूर्य तोच. बदलली ती फक्त लिहिण्याची रीत. मग शुभ काय होते, दिवस की रीत? आकड्यांची गंमत जरूर घ्यावी, तिच्यासाठी दक्षिणा मोजू नये.

हिशोबाच्या वहीत

‘हे सर्व ठीक, पण आमच्या संसारात याचा उपयोग काय?’ असे माताभगिनी विचारतील. उपयोग आहे.

दहा एकांच्या वर्गात हातचा नसता तर अंकांची बेरीज १०० झाली असती. प्रत्यक्षात ती ८२ येते. का? एक हातचा देताना एका घरातले दहा जातात आणि शेजारी एक येतो. बेरीज नवाने घटते. दोन हातचे, अठरा कमी. शंभर वजा अठरा, ब्याऐंशी. हातच्यामुळे अंकांची बेरीज फक्त नऊ-नऊनेच बदलते, आणि यावरच जुना ‘नवाचा ताळा’ उभा आहे.

समजा कोणी ४७ × २३ = १०८१ असे लिहून दिले. ४७ चे अंक मिळवा: ११, पुन्हा मिळवा: २. २३ चे ५. दोन पंचे दहा, त्याचा १. आता १०८१ चे अंक मिळवा: १०, त्याचा १. ताळा जमला. उत्तर १०७१ लिहिले असते तर अंकांची बेरीज ९ आली असती आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

पण सावध राहा. १८०१ असे लिहिले असते तर? अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. बेरीज पुन्हा १०, आणि ताळा चूक असूनही जमतो. म्हणून ताळा चुकला तर हिशोब नक्की चूक. ताळा जमला तर हिशोब बरोबर असेलच असे नाही.

अंकांची अशी अदलाबदल पकडण्याची वेगळी खूण कारकुनांना ठाऊक असते. तेरीज जुळत नसेल तर फरकाला नवाने भागून पाहतात. बचत गटाच्या वहीत ५,३६० च्या जागी ३,५६० लिहिले गेले, तर फरक १,८०० येतो. नवाने भागा, बरोबर २००. निःशेष भाग गेला की समजावे, कुठेतरी दोन अंकांनी जागा बदलल्या असण्याचा संभव आहे, आधी तेच शोधावे. कारण सोपे आहे. दशकाच्या घरातला अंक एककात आला की दहापट होता तो एकपट होतो, म्हणजे नवाची पट जाते. २७ आणि ७२ यांतला फरक ४५, म्हणजे पाच नवे.

आपली सतरा अंकी संख्या मात्र या बाबतीत भाग्यवान. ती कोणी पूर्ण उलटी लिहिली तरी फरक शून्य!

मजुरीची पावती, दुकानाची उधारी, कर्जाच्या हप्त्याचा तक्ता, या कागदांवर सही किंवा अंगठा देण्याआधी दोन मिनिटे ताळा पाहणाऱ्या घराला फसवणे कठीण जाते. आणि हा ताळा चौथीची मुलगीही शिकू शकते. तिला शिकवा, आणि घरचा हिशोब तिच्याकडूनच तपासून घ्या. गणिताची भीती पाठीवर धपाटा घालून जात नाही. आपण केलेला हिशोब मोठ्यांनी खरा मानला, की ती जाते.

मुलांसाठी रविवारचा खेळ

कोणतीही संख्या घ्या. तिला उलटी करून तिच्यातच मिळवा. उत्तर सुलट-उलट सारखे येईपर्यंत हेच करत राहा. ८७ घेऊ. ८७ + ७८ = १६५. १६५ + ५६१ = ७२६. ७२६ + ६२७ = १३५३. १३५३ + ३५३१ = ४८८४. चार पायऱ्यांत घर गाठले.

८९ घेतले तर धीर लागेल. चोवीस पायऱ्यांनंतर ८८१३२०००२३१८८ येते. ज्या मुलाने किंवा मुलीने हे न चुकता हाताने केले त्याला किंवा तिला घरच्यांनी शाबासकी द्यावी.

फक्त १९६ घेऊन बसू नका. जॉन वॉकर यांनी १९८७ ते १९९० अशी सुमारे तीन वर्षे संगणकाला हेच काम लावले. संख्या दहा लाख अंकांची झाली, तरी सुलट-उलट सारखी आली नाही. त्यानंतर इतरांनी आणखी पुष्कळ पुढे जाऊन पाहिले, तरी नाही. मग १९६ पासून ती कधीच मिळणार नाही असे म्हणायचे का? गणित तसे म्हणत नाही. लाखो वेळा झाले नाही हासुद्धा पुरावा नव्हे. कारण सापडेपर्यंत तो प्रश्न उघडा राहतो. देवळालीच्या मास्तरांप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणाही मुलामुलीसाठी तो उघडा आहे.